हातचा एक

भद्रावती पेठेत जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत
नायनांची चाळीस वर्षं गेली.
भोक म्हणजे दोरा उचल. कोरं म्हणजे राहू दे.
एक भोक चुकलं की चादरभर मोर लंगडा,
हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं.

माग भंगारात गेले त्या आठवड्यात
उरलेल्या एका पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं
१११११११११११११११११
सतरा एक. ताण्यासारखे ताठ.
"उभं सगळं आहे," म्हणाले, "आडवं शोधायचंय."
मग उजवीकडून बोट सरकवत
एकं दहं शतं…
तेराव्या घरात महापद्म आला, तिथं जरा थांबले,
"हा आपल्यातला," म्हणत हसले.
शंकू, जलधी, अंत्य, मध्य.
परार्धाला एक घर कमी.

फुटतो का हा, एवढंच.
दोननं नाही, पाचनं नाही.
अंकांची बेरीज सतरा, म्हणून तीननंही नाही.
अकराला जोड्या लागतात,
इथं एक बिनजोडीचा उरतो.

आईचा हजार बरा.
पंचवीसचं बंडल, चाळीस बंडलं,
कशानंही वाटा, सोळा वाटेकरी हजर.
छाटात काढलेल्या विड्यांचा हिशेब मात्र
कुठल्याच पाढ्यात बसत नाही, असं ती म्हणायची,
सुपातून मान वर न करता.

रात्रशाळेच्या बिराजदार सरांनी वाट दाखवली:
याचा मूळ भाजक असलाच तर
चौतिसाच्या पाढ्यापुढे एक पाऊल टाकून उभा असेल.
पस्तीस. एकोणसत्तर. एकशे तीन.
पस्तीस सोडा हो, सर म्हणाले, तो पाचनंच जातो.
नायनांनी सोडला नाही.
ओळीतलं कार्ड वगळायचं नसतं.
रोज रात्री वीस भागाकार,
मोजणं तेलुगूत, भागणं मराठीत,
चुकलं की शिवी कन्नडमध्ये.

मला उत्तर पहिल्याच रात्री कळलं होतं.
फोननं पापणी लवायच्या आत सांगितलं:
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
म्हणजे साठ हजार नऊशे तेहेतिसावं पाऊल.
एकाला त्यानं भागलं तर दशांशचिन्हानंतर
सहा शून्यं, मग ४८२६९००१२१३,
आणि पुन्हा सहा शून्यं, पुन्हा तेच,
सतरा घरांची नक्षी, थान कधी न संपणारं.
हे एकटीनं बघितलं
आणि फोन उशीखाली ठेवला.

आठ वर्षं गेली, वर एक उन्हाळा.
एप्रिलात, चव्वेचाळीस डिग्रीत, ते त्या पानावर आले.
मी शेंगा सोलायचं निमित्त करून समोर.
लाइट गेली. आली.
त्यांनी घाम पुसला, पान उलटलं.

ते झोपल्यावर वही उघडली.
सगळा भागाकार सरळ, अक्षर टाइपासारखं,
शेवटच्या ओळीत सात त्रिक एकवीस,
हातचे दोन,
त्यांनी एकच घेतला.
बाकी दहा.

आता ते एकसष्ट हजार चारशेच्या पुढे आहेत.
वर्गमुळापर्यंत एकतीस लाख पावलं,
रोजच्या विसानं चारशे वर्षांवर.
"न फुटणाराच दिसतो," काल म्हणाले,
इतक्या कौतुकानं,
की मी चहा ओतताना कपाबाहेर ओतला.

कितीदा वाटलं, सांगावं.
कितीदा वाटलं, त्यांचा तो अखंड
त्यांच्यापाशीच राहू द्यावा.
पण लंगडा मोर मला त्यांनीच दाखवला होता.

आज त्या पानावर मी काही लिहिलं नाही.
फक्त वरचा कोपरा दुमडला,
चुकलेल्या कार्डाचा ते दुमडायचे तसा,
आणि वही होती तिथं ठेवली.

आतून आवाज येतोय.
चष्मा कुठं आहे, विचारतायत.